कमरेचा पट्टा

हासिन्ता विणते. तिच्या मागाचं एक टोक अंगणातल्या झाडाला बांधलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाचा पट्टा तिच्या कमरेमागे. पाठीनेच ताण धरायचा. तिचा नवरा गास्पार शेतातून आला की झाडापाशी मागाची दोरी दोनदा ओढायचा; तिच्या कमरेला दोन हिसके बसायचे. म्हणजे, मी आलो, भाकरी टाक.

सैनिकांनी त्याला अंगणातून नेलं, तेव्हाही त्याने जाताजाता दोरी दोनदा ओढली. पोरं घरात लपली होती. त्यांचा सुगावा लागू नये म्हणून हासिन्ताने मान वर केली नाही, विणत राहिली. त्या गोष्टीला छत्तीस वर्षं झाली. ती कधी रडली नाही आणि तिची पाठ कधी सरळ झाली नाही.

मी गावातली हाडं बसवणारी. काल ती माझ्याकडे पालथी निजली. कमरेला हात लावला तर पोलक्याखाली काहीतरी घट्ट आवळलेलं लागलं.

"अगं, आधी पट्टा तरी सोडायचास."

"माग घरी आहे, फेलिपाताई. चेष्टा करू नकोस."

मी पोलकं वर केलं. पट्टा नव्हता. माझ्या तळव्याखाली तिची कंबर एकदा ओढली गेली. मग पुन्हा एकदा.

मी दाराकडे वळणार, तोच तिने माझं मनगट धरलं.

"वर बघू नकोस, ताई," ती उशीत कुजबुजली. "पोरं घरात आहेत."