देवमाशानं वाचवलेली मुलगी

तिसरी बाई रडायला लागली तेव्हा ग्रंथपालबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. रुमाल पुढे केला नाही.

"लाल फ्रॉक होता माझा," बाई हुंदके देत म्हणाली. "देवमाशांनी मला अलगद खांद्यावर घातलं होतं."

"कालच्या बाईंचा पिवळा होता. परवाच्यांना तर कपडेच आठवत नव्हते. बसा, पाणी घ्या. पाणी चालतं ना तुम्हाला?"

गावाची शताब्दी उद्यावर आली होती आणि गावाला एक बुडालेली मुलगी हवी होती. चाळीस वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, बाहेरून आलेल्या पाहुण्यांची मुलगी धक्क्यावरून तळ्यात पडली. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकानं तिला बाहेर काढलं. त्या दिवसापासून तो देवमासा झाला. चहा फुकट, हजामत फुकट, लग्नात पहिली पंगत. एका बुडीवर माणूस चाळीस वर्षं जगला. उद्या किनाऱ्यालाच त्याचं नाव द्यायचं होतं आणि फीत त्या मुलीनं कापायची होती. तिचं नाव मात्र कुणालाच आठवेना. आईबाप त्याच संध्याकाळी तिला घेऊन गेले होते. म्हणून पेपरात जाहिरात दिली, हॉटेलात राहणं-जेवण मोफत असं खाली छापलं, आणि बुडालेल्या मुली भराभर वर यायला लागल्या.

खरी कोणती ते ठरवायचं काम ग्रंथपालबाईंच्या गळ्यात पडलं, कारण वाचनालयामागची इतिहासाची खोली त्या सांभाळत. ज्या वाळूत आजोबांबरोबर किल्ले केले म्हणून म्हातारे डोळे पुसत, ती वाळू ट्रकांनी आणून ओतलेली होती, हे त्यांना ठाऊक होतं. धक्क्याखाली तळ लागत नाही याचाही गावाला कोण अभिमान! जसा काही तो खड्डा यांच्याच वाडवडिलांनी खणला होता.

तिसरी बाई नाक पुसत बाहेर पडली आणि हॉटेलवाले काका आत आले. शताब्दी समितीचे अध्यक्ष तेच.

"मिळाली का गं?"

"तीन मिळाल्या. एकीला फीत धरायला लावा, दुसरीला कात्री द्या, तिसरी टाळ्या वाजवेल."

"देवमाशाला दाखव ना."

"दाखवल्या. तिघींनाही म्हणाले, तूच गं ती. मी औषधाची बाटली द्यायला गेले, तर मलाही म्हणाले."

काका हसले. टेबलावरचे जुने फोटो चाळता चाळता एकावर थांबले. धक्क्यावर दोरीला टॉवेल टांगलेले, आणि त्यांच्याआडून एक बाई खळखळून हसतेय.

"टॉवेलवाली! तुझी आईच ना? काय छान आलीये. हा का नाही लावलास?"

"पळून गेलेल्यांचं दालन काढाल तेव्हा लावू."

आई पोहायला येणाऱ्यांना टॉवेल भाड्यानं द्यायची. देवमाशाच्या त्या बुडीच्याच उन्हाळ्यात ती गेली. हॉटेलातला बासरीवाला त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेला होता. गावानं दोन नि दोन चार केले, वडिलांनी मान खाली घातली, आणि आईची ठमी गावात 'तिची मुलगी' म्हणून वाढली. वाळत घातलेले टॉवेलसुद्धा काढून न ठेवता गेली, हे तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. गावाबद्दल बाईंच्या मनात तुच्छता भरपूर होती, पण त्यातली साय त्यांनी आईसाठी काढून ठेवली होती.

"हे बघ," काका उठले, "सकाळपर्यंत मला एक मुलगी पाहिजे आणि हीच खरी म्हणून खाली तुझी सही पाहिजे. नाहीतर ही खोली आइस्क्रीमवाला मागतोच आहे."

"खोटीवर मी सही करणार नाही, काका."

"मग खरी शोध. नाहीतर बस आइस्क्रीम चाटत."

वाचनालय बंद करायच्या वेळी चौथी आली. बाईंच्याच वयाची, हातात प्रवासाची पिशवी. ही रडली नाही.

"फ्रॉक कुठल्या रंगाचा?" बाईंनी वर न बघताच विचारलं.

"आठवत नाही. आणि मला हॉटेलबिटेल नको, शेवटच्या बसनं मी परत चाललेय. जाहिरातीत एक चूक आहे, तेवढी सांगायला आले."

बाईंनी मान वर केली.

"मला त्यांनी नाही वाचवलं. ते मागाहून आले. मी धक्क्याच्या पायऱ्यांवर पडले होते, तिथून त्यांनी उचललं. पाण्यातून मला वर ढकललं ते एका बाईनं."

ही खरं बोलतेय, हे बाईंना लगेच कळलं. खोटं बोलून हिला काही मिळायचं नव्हतं. उद्या देवमाशाचं तोंड कसं होईल, या कल्पनेनं त्यांना गुदगुल्या झाल्या.

"मग ती बाई कुठे गेली?"

"वर आलीच नाही. मी जीव तोडून सांगत होते सगळ्यांना. आई म्हणाली, पोर घाबरलीय, बरळतेय. मोठेपणी मलाही भासच वाटायला लागला. पण कुणाच्या तरी घरी ती त्या रात्री परत गेली नसेल ना हो?"

"तेव्हा कुणी बुडाल्याचं गावात ऐकिवात नाही." बाईंनी पेन्सिल उचलली. "काही बोलली का ती?"

"बोलली ना. तिनं मला दुसरंच कुणीतरी समजलं असणार. धक्क्यावर गावातली एक मुलगी भेटली होती, आम्ही खेळता खेळता टोप्या बदलल्या. ती पळाली घरी, आणि मी तिची टोपी घालून पाण्यात. मला धरून ती बाई सारखी एकच ओरडत होती." पाहुणीनं डोळे मिटले आणि तो आवाज जसा कानात राहिला होता तसा काढला, "ठमे, पाय मार! ए ठमे, पाय मार गं!"

"ओ," ग्रंथपालबाई म्हणाल्या.