छेदबिंदूच्या पलीकडे

एकोणीसशे त्र्याण्णव साली, मार्चमधल्या एका गुरुवारी, पुस्तकांच्या जुळणी विभागात धाकटीच्या संगणकाच्या पडद्यावर दोन औषधांची नावं एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसली होती.

"काय हो, लग्न लावताय का त्यांचं?" व्यवस्थापक मागून डोकावला. सारखा मनगटाकडे बघायचा, म्हणून सगळ्या त्याला घड्याळ म्हणायच्या.

"आधी वेगळी तर करू द्या," धाकटी म्हणाली.

पुस्तक परिचारिकांसाठी होतं, खिशात मावेल एवढं. आलेखात दोन रेषा. एक औषध सुरुवातीला जास्त द्यायचं आणि मग कमी करत न्यायचं, दुसरं त्याच्या उलट. सहाव्या तासाला रेषा एकमेकींना छेदत होत्या, आणि नावं नेमकी तिथेच येऊन पडली होती.

आलेख हाताने काढायचा नसे. आज्ञा टंकायच्या: रेषा इथून तिथे, नाव अमुक ठिकाणी, रेषेच्या वर किंवा खाली. मग छापून बघायचं. नावं उजव्या टोकाला सरकवणं सोपं होतं. पण छेदानंतर वरची रेषा खाली जाते आणि खालची वर. नाव सरकवताना 'वर'चं 'खाली' करायचं राहिलं, की एकाचं नाव दुसऱ्याला चिकटतं. नव्या मुली हमखास तिथे फसायच्या.

धाकटीला सातवा महिना होता. पाच वाजता दवाखान्यात जायचं होतं. पावणेपाचला ती उठली.

"निघते गं ताई. आलेख झालाय. एकदा नजर टाक."

थोरली विभागप्रमुख होती. समोर सतरा पानं तपासायची पडलेली. "टाकते. तू जिना सावकाश उतर."

संध्याकाळी पानं छपाईला गेली. डॉक्टर लेखकाने आधीच सही केलेली होती. शेवटच्या दुरुस्त्यांनंतर पान पुन्हा लेखकाला दाखवायचं नाही, हा तिथला शिरस्ता.

ऑगस्टपर्यंत एका इस्पितळात तीन माणसं गेली. पुस्तकात टोकाची नावं उलटी होती. परिचारिकेने पुस्तकात बघून औषध दिलं होतं, एकदा नाही, तीनदा.

चौकशी समितीसमोर दोघी बहिणी शेजारी बसल्या. धाकटीच्या मांडीवर तीन महिन्यांचं पोर झोपलं होतं.

"शेवटचा हात कुणी फिरवला?" अध्यक्षांनी विचारलं.

नावं सरकवलेली धाकटीला आठवत होती. घाई आठवत होती. 'वर'चं 'खाली' केलं की नाही, ते मात्र काही केल्या आठवत नव्हतं. ती उठणार, तोच थोरलीने तिचा दंड धरून खाली बसवलं.

"मी," थोरली म्हणाली. "नावं उलटी लागलीत असं वाटलं मला. मी अदलाबदल केली."

"खात्री आहे तुमची?"

"आहे."

धाकटीला वाटलं, खोटं बोलायलासुद्धा ताईची किती तयारी असते!

कबुली मिळाल्यावर पुढे कुणी काही शोधलं नाही. घड्याळाने कपाळाचा घाम पुसला.

बाहेर व्हरांड्यात धाकटीने थोरलीला गाठलं. "ताई, हे काय करून बसलीस?"

"खरं होतं ते सांगितलं."

"मला नको शिकवूस. तो आलेख माझ्याकडे होता. मी तुला ओळखत नाही का?"

थोरलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलंही. तेवढ्यात पोर जागं होऊन रडायला लागलं.

"त्याला आधी पाज," थोरली म्हणाली.

खटला होऊन थोरलीला दोन वर्षांची कैद झाली. धाकटी दर महिन्याला भेटायला जायची, जाळीपलीकडे बघून रडायची. "माझ्या वाटणीचं तू भोगतेयस," म्हणायची. थोरली पहिल्या खेपेला मान हलवून "नाही गं" म्हणाली. दुसऱ्या खेपेलाही म्हणाली. तिसऱ्या खेपेपासून नुसती ऐकून घ्यायला लागली.

डॉक्टर लेखकाने पुढे एक ओळ लिहिली नाही. ती परिचारिका नोकरी सोडून भावाकडे गेली आणि दोन वर्षांत खंगून गेली. घड्याळ बढती घेऊन निवृत्त झाला. थोरली सुटून आली ती थेट धाकटीच्या घरी. पुन्हा तिला कुणी कामावर घेतलं नाही. धाकटीने आपली खोली तिला दिली आणि नवऱ्यासकट बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकलं. चार वर्षांनी नवरा म्हणाला, "ह्या घरात मी पाहुणा, ती मालकीण. किती दिवस चालायचं?" धाकटी म्हणाली, "ती आहे म्हणून मी घरात आहे." तो बदली घेऊन परगावी गेला, परत आला नाही. मुलगा थोरलीलाच मोठी आई म्हणत वाढला. आई कुणाच्या जिवावर मोकळी राहिली होती, हे धाकटीने तो दहा वर्षांचा झाल्यावर स्वतः त्याला सांगितलं. तो शिकला आणि दूर निघून गेला. फोन मोठ्या आईला करायचा.

धाकटी विभागप्रमुख झाली. दर नव्या मुलीला ती फळ्यावर दोन रेषा काढून दाखवायची आणि म्हणायची, "ही चूक मी केली. तीन माणसं गेली, आणि शिक्षा माझ्या बहिणीने भोगली." सांगताना तिचा आवाज एकदाही कापला नाही.

निवृत्त व्हायच्या आठवड्यात तिला वाटलं, आता पुढच्या मुलींसाठी खरा आलेखच दाखवायला ठेवून जावा. तळघरात संगणकाच्या जुन्या साठवणीच्या चकत्या होत्या. त्या वाचणारं यंत्र तिने सुरू करून घेतलं. त्या गुरुवारच्या दोन प्रती निघाल्या. दोन्हींवर वेळ होती आणि त्या वेळी संगणकावर बसणारीची खूण होती. पावणेपाचच्या प्रतीवर धाकटीची खूण होती, आणि त्या प्रतीत दोन्ही नावं आपापल्या रेषेवर बरोबर होती. सव्वासहाच्या प्रतीत ती उलटी झाली होती, आणि खूण थोरलीची होती.