जुनं पुसायचं नाही

“मागचं सगळं पुसून टाका ना वहिनी, फुकटात जागा होईल,” कॅमेरे दुरुस्त करणारा ल्याव म्हणाला. “नव्या डिस्कचा खर्च कशाला?”

“जुनं एकही जाता कामा नये,” मेइ-फांग म्हणाली. “नवं एखादं गेलं तरी चालेल.”

ल्याव हसला. असं उलटं गिऱ्हाईक त्याला तैवानमधल्या थायनान शहरात बहुधा पहिल्यांदाच भेटत होतं.

जिन्याखालची ती काळी पेटी मेइ-फांगच्या नवऱ्याने बसवली होती. घरातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण तिच्यात साठायचं. नवरा वारला, मागे पेटी राहिली आणि सासरे राहिले. आता पेटी काठोकाठ भरली होती, आणि जागा संपली की ती आपणहून सगळ्यात जुना दिवस पुसायची. गेल्या आठवड्यात असे दोन दिवस गेले, तेव्हा मेइ-फांगच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण नणंद. ली-ह्वा व्हँकुव्हरला बसून हुकूम सोडायची. घर सासऱ्यांनी तिच्या नावावर केलं होतं. बाबा आहेत तोवर राहा, पण त्यांची आबाळ झाली तर त्याच दिवशी बाहेर, असं तिने बजावलं होतं. सासऱ्यांना ऐकू येईना तेव्हापासून तिचे फोन थांबले, आणि यायला तर तिला कधी सवडच नव्हती. रोज संध्याकाळी बाबांचं चित्रण मात्र हवं. मेइ-फांगला जायला दुसरी जागा नव्हती. इतकं करून वर पुरावेही द्यायचे, याचा तिला संताप यायचा.

ल्यावने रिकाम्या कप्प्यात नवी डिस्क सरकवली. “झालं. जागा वाढायला वेळ लागेल, उद्यापर्यंत बटणाला हात लावू नका. मध्येच बंद पडली तर सगळं जाईल, मग माझ्या नावाने बोटं मोडाल.”

“सगळं जाईल?” तिचा आवाज चिरकला.

“अहो, हे आहे ना राखणीला!” त्याने मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट पेटीवर ठेवलं. हिरवं पाकीट असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, अशी तिथल्या कारागिरांची श्रद्धा होती. “खाऊ नका हं, रुसेल ती. चला, वरचा कॅमेराही बघून घेतो.”

“नको. मामंजी झोपलेत.” ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली.

“केवढा गारठा येतोय वरून! एसी रात्रंदिवस चालू दिसतो. म्हाताऱ्या माणसाला सोसतो?”

“त्यांना उकाडाच सोसत नाही.”

“आणि उदबत्त्यांचा घमघमाट! अशी जीव लावणारी सून मिळायला नशीब लागतं, वहिनी. आजोबांना सणाच्या शुभेच्छा सांगा.”

“सांगते.”

तो गेला. तिने दाराला आतून कडी घातली. तेवढ्यात ली-ह्वाचा निरोप आला: ‘आज चंद्राचा सण. बाबांनी पपनस खाल्लं का? दाखव.’

मेइ-फांगने फोनवर पेटी उघडून चंद्राच्या सणाचे दिवस शोधले. तिन्ही जागच्या जागी होते. तिचा जीव भांड्यात पडला. त्यातला मधला तिने लावला. सासरे पपनसाची साल टोपीसारखी डोक्यावर घालून खुदूखुदू हसत होते. तिलाही हसू आलं. कोपऱ्यातली तारीख तिने कापून टाकली आणि ‘आत्ताच खाल्लं, तुमची आठवण काढत होते’ असं लिहून ते पाठवून दिलं.

पहिला गेल्या वर्षी पाठवला होता. तिसरा पुढच्या वर्षीसाठी अजून शिल्लक होता.