गाडीवरचा दिवा

औषधवाल्याने मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि श्वास रोखला. पोलिसांची जुनी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी उभी होती, आणि तिच्या टपावर तो दिवा होता. निळ्या काचेचा घुमट, बुडाशी निकेलची कडी, आत एकच बल्ब आणि त्याच्याभोवती फिरणारा आरसा. आता सगळ्या पोलीसगाड्यांवर चपट्या, लुकलुकणाऱ्या पट्ट्या आल्या आहेत. असा दिवा त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मघाशी व्हॅन दुकानासमोरून गेली, तेव्हा गिऱ्हाइकाचं खोकल्याचं औषध तसंच काउंटरवर ठेवून, बायकोला "आलोच" म्हणत तो व्हॅनमागे धावत सुटला होता. कुणाला कबुतरांचा नाद असतो, कुणाला पत्त्यांचा. याला जुन्या पोलीसगाड्यांवरच्या दिव्यांचा होता. बायको म्हणायची, "पोलिसांच्या गाड्यांवर चोरसुद्धा एवढं लक्ष ठेवत नसतील."

तो व्हिडिओ काढत होता. आधी कडी, मग काच, मग मागे सरकत सरकत अख्खी गाडी. गल्लीत आरडाओरडा चालला होता. तो त्याला ऐकू येत होता, पण आत पोचत नव्हता.

कोपऱ्यावरच्या घरात राहणाऱ्या वेल्डरला पोलिसांनी फरपटत बाहेर आणलं. हवालदाराने त्याला व्हॅनमध्ये ढकललं. वेल्डरने दाराची चौकट घट्ट धरली.

"एकदा बायकोशी बोलू द्या, साहेब. एकदाच."

हवालदाराने चौकटीवरच्या त्या बोटांकडे नीट पाहिलं आणि दार आपटलं.

किंकाळी आली, तेव्हा कुठे औषधवाल्याचा मोबाईल खाली आला.

वेल्डरची बायको धावत बाहेर आली. "हात चिरडला त्यांचा! मुद्दाम चिरडला!"

"त्यानेच मध्ये घातला," हवालदार म्हणाला. त्याने गल्लीवरून नजर फिरवली. "का? कुणी काही पाहिलं?"

खिडक्यांतले चेहरे मागे सरले. एक दार लागलं, मग दुसरं. रस्त्यात औषधवाला तेवढा उरला. तिने त्याला ओळखलं. सासूच्या दम्याचं औषध ती त्याच्याकडूनच नेत असे.

"यांनी पाहिलं," ती म्हणाली. "भाऊ, तुमच्या मोबाईलमध्ये आलंय ना सगळं?"

"मी... मी दिव्याचा काढत होतो, वहिनी."

"कशाचा?"

"गाडीवरच्या दिव्याचा. जुना आहे. आता दिसत नाहीत असे."

"माझ्या माणसाची बोटं मोडत होती, आणि तुम्ही दिवा बघत होतात?"

हवालदार जवळ आला. "दाखव."

दोघांनी डोक्याला डोकं लावून व्हिडिओ पाहिला. दिवा मोठा आणि स्वच्छ आला होता. त्याच्याखाली, तितक्याच स्वच्छ, चौकटीवरची बोटं, हवालदाराची नजर आणि दार.

"दिवा झकास आलाय," हवालदार म्हणाला. "पुसून टाक."

"साहेब, खालचं सगळं कापतो. दिव्यापुरता ठेवतो फक्त."

"चौकातलं औषधाचं दुकान तुझंच ना? चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या देतोस म्हणे."

"नाही हो, साहेब. कधीच नाही."

"मी म्हटलं, तर देतोस."

व्हॅनच्या आतून कण्हण्याचा आवाज येत होता. वेल्डरची बायको औषधवाल्याच्या अगदी पुढ्यात आली. "भाऊ, पुसू नका. पाया पडते तुमच्या. त्याच हातावर घर चालतं आमचं."

औषधवाल्याला दुकान दिसलं, दुकानाला ठोकलेलं कुलूप दिसलं, कुलपाबाहेर उभी असलेली बायको दिसली. समोरच्या बाईचा चेहरा तेवढा त्याने पाहायचा टाळला. त्याचा अंगठा हलला. मोबाईलने विचारलं, नक्की? त्याने पुन्हा अंगठा टेकवला.

ती दोन पावलं मागे झाली, अंगाला घाण लागू नये म्हणून माणूस होतो तशी.

"शहाणा आहेस," हवालदाराने त्याची पाठ थोपटली. मग तो ड्रायव्हरला ओरडून म्हणाला, "अरे, याला जरा दिवा लावून दाखव. बिचारा हौसेने धावत आलाय."

ड्रायव्हर हसला. खटका पडला. घुमटातला आरसा घरघरत फिरू लागला. दिवेलागणीची वेळ होती. निळा झोत भिंतींवरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून, लावून घेतलेल्या दारांवरून सावकाश फिरत गेला. सुंदर होतं ते. सुंदर आहे हे औषधवाल्याला कळलं, आणि आपल्याला ते या घडीलाही कळतंय याची त्याला शिसारी आली.

"काढ ना आता," हवालदार म्हणाला. "आता परवानगी आहे."

औषधवाल्याचा हात उचलला जाईना.

तेवढ्यात वेल्डरची बायको चालत पुढे आली आणि व्हॅनला पाठ लावून उभी राहिली. त्याच दारापाशी. दाराच्या कडेवर ओलं रक्त होतं. ते झाकलं जाऊ नये म्हणून ती थोडी बाजूला सरकली. झोत तिच्या तोंडावरून गेला, पुन्हा आला.

"काढा, भाऊ," ती म्हणाली. "दिवा हवाय ना तुम्हाला? मग माझ्यासकट काढा."

औषधवाल्याने मोबाईल वर उचलला. आधी दाराच्या कडेवरचं रक्त, मग तिचा चेहरा, मग दिवा.

हवालदाराचं हसू ओसरलं.

"बंद कर रे तो दिवा," तो ड्रायव्हरवर खेकसला.