भुजंगची हजेरी

"शेठ, त्या भुजंगला दवाखान्यात न्या, न्हाईतर घरी तरी पाठवा. पाय सडून राह्यलाय त्याचा!" केशव ओरडला.

शेठनं खिडकीबाहेर पचकन पिंक टाकली. ह्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये सेफ्टी ऑफिसर म्हणून केशवला रोज काय काय गिळावं लागतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"आज सुरक्षेचं बक्षीस हाये, केशवराव," शेठ म्हणाला. "वर्षभरात एकबी अपघात न्हाई. नाव तुमचंच होऊन राह्यलंय की! माणूस कामावर हजर, म्हणजे अपघात झालाच न्हाई. बराबर?"

मागच्या आठवड्यात लाल तापलेली सळई भुजंगच्या पायावरून गेली होती. तो घरी बसला असता, तर अपघात म्हणून नोंद करावी लागली असती. म्हणून टेम्पोवाला वसंता त्याला रोज अंतरवालीच्या घरून उचलून आणायचा आणि गेटजवळच्या शेडमध्ये खुर्चीवर बसवायचा. झाली हजेरी! संध्याकाळी परत घरी. असली घाणेरडी अक्कल ह्या माणसांना सुचते तरी कशी?

"त्याला दवाखान्यात न्यायचं कबूल करा, न्हाईतर मी स्टेजवर चढणार न्हाई," केशव म्हणाला.

शेठ हसला. "कार्यक्रम झाला की न्या. खर्चा माझा. खूश?"

केशव शेडमध्ये गेला. वास दारातच नाकात घुसला. पट्टी पिवळी-हिरवी झालेली आणि तिच्यावर माश्यांचा थर. शी! शेजारी बसून दोघं जण आरामात भजी खात होते. केशवनं त्यांना शिव्या घालून हाकललं.

"साहेब, लई थंडी वाजून राह्यली," भुजंग कण्हत म्हणाला. "घरी जाऊ द्या. बायकू, झुंबर, एकटी हाये."

"थोडं थांब. कार्यक्रम उरकला की मीच नेतो तुला. शब्द देतो."

भुजंगनं मान हलवली आणि टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

मांडवात सगळे कामगार कालच आणलेली हेल्मेटं घालून बसले होते. काहींनी तर वरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे सुरक्षेवर बोलत सुटले. शेठ डोळे मिटून माना डोलावत होता. केशवला त्या डोलणाऱ्या मानेची इतकी किळस आली की त्यानं नजर फिरवली. त्याचं नाव पुकारलं गेलं. गळ्यात हार पडला, हातात ढाल आली, टाळ्या वाजल्या. सगळ्यांना सगळं माहीत, तरी टाळ्या. निलाजरे कुठले!

पाहुणे चहाला वळले तसा तो ढाल घेऊन थेट शेडकडे निघाला. वाटेत वसंताला हाक मारली, "टेम्पो काढ. दवाखान्यात जायचंय."

"भुजंग, ऊठ. चल."

भुजंग हलला नाही. केशवनं टॉवेल बाजूला केला. डोळे अर्धवट उघडे होते. एक माशी बुबुळावरून चालत गेली, तरी पापणी लवली नाही. मनगट गार पडलं होतं.

वसंतानं मागून येऊन वाकून बघितलं. "अरे देवा! साहेब, आता?"

मांडवातून शेठचं हसणं ऐकू येत होतं. पाहुण्यांना आता मिल दाखवायची होती. केशवनं एकवार तिकडं, मग हातातल्या ढालीकडं बघितलं आणि टॉवेल पुन्हा भुजंगच्या तोंडावर ओढला.

"वसंता, ह्याला जल्दी घरी नेऊन अंथरुणावर झोपव," तो हळू आवाजात म्हणाला. "अन् कुणी विचारलं तर सांग, भुजंग आज कामावर आल्ताच न्हाई."