खंडेनवमीच्या पुंगळ्या

"आई, घासू नकोस, नुसत्या भिजव."

"मला पितळ शिकवू नकोस," संजीवनीबाई म्हणाल्या आणि चिंचेच्या कोळात हात घालून पुंगळ्या ढवळू लागल्या.

रायफल क्लबच्या मागच्या खोलीत त्या आज पहिल्यांदाच आल्या होत्या. उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या साफ करून, पुन्हा भरून अश्लेषा त्याच वापरते, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यापलीकडे सहा वर्षांत त्यांनी काही विचारलं नव्हतं. इथे परदेशात, यिशुन भागातल्या त्यांच्या घरात बंदुकीचा विषय निघाला की त्या उठून कुकर लावायला जात. पण क्लबचं पुंगळ्या घासायचं यंत्र नेमकं आज बिघडलं, उद्या संघनिवडीची स्पर्धा, आणि लेकीचा फोन आला, "देवाची उपकरणी तू कशाने घासतेस गं?" अशा वेळी कुठली आई कुकर लावत बसेल?

पाऊण तासात पन्नासच्या पन्नास पुंगळ्या लख्ख झाल्या. गरम पाण्यातून काढल्या, हेअर ड्रायरने वाळवल्या. अश्लेषाने एकेक भिंगाखाली धरून तपासली, लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभी केली आणि बंदुकीच्या दारूच्या डब्यासाठी सही करायला बाहेर गेली.

संजीवनीबाई त्या रांगांकडे बघत राहिल्या. आज खंडेनवमी. माहेरी या दिवशी वडील पाना, पकड, आईची शिवणाची कात्री, एवढंच काय, स्वयंपाकघरातली विळीसुद्धा पाटावर मांडून पुजायचे. मग आपल्या पोरीच्या हत्यारानेच काय घोडं मारलंय? पर्समधून कुंकवाची कुयरी निघाली, हळदीची पुडी निघाली. बोट पाण्यात बुडवून त्यांनी प्रत्येक पुंगळीच्या मानेला हळद लावली, कुंकू लावलं. इतकी वर्षं मनात धरलेली अढी सुटल्यासारखं त्यांना वाटलं.

"आई! अगं हे काय करून ठेवलंस?"

अश्लेषा डबा घेऊन दारात उभी होती. "आत कचरा राहिला तर शॉट कुठेही जाईल. सगळं पुन्हा करायला लागणार. साडेसहाला रूम बंद होते!"

पाच वाजून गेले होते. तिच्या मागून शस्त्रागार सांभाळणारे लिम डोकावले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तेच जास्त लागलं.

संजीवनीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या खेळाला कधी चांगलं म्हटलं नाही, आणि पहिल्यांदा कौतुक करायला गेले तर तिची निवडच घालवायला बसले. "मी पुसते," त्या म्हणाल्या. "तू रडू नकोस."

"मी नाही रडत." ती रडतच होती.

दोघी पुसायला बसल्या. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या, आतून वेगळा बोळा फिरवून. एका पुंगळीचं कुंकू मात्र काही केल्या हटेना. संजीवनीबाईंनी जोर लावला, नखाने खरवडलं. तोंडापासून खाली केसाएवढी लाल रेघ तशीच राहिली.

"ही बघ गं, जात नाही मेली."

अश्लेषाने पुंगळी दिव्याखाली धरली. उलटीसुलटी केली. मग हळूच म्हणाली, "चीर आहे आई. कुंकू चिरेत बसलंय. मघाशी भिंगातून पाहून मीच पास केली होती ही."

"मग?"

"उद्या हीच बंदुकीत घातली असती, तर तो एक शॉट गेलाच असता. आणि एका शॉटवर माणूस टीमबाहेर जातो."

लिमनी पुंगळी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि जाऊन स्वतःच्या जुन्या पुंगळ्यांचा डबा घेऊन आले. "आँटी, दॅट रेड पावडर, स्टिल गॉट ऑर नॉट?"

अश्लेषा नाक पुसतापुसता हसली.

उद्याला पुरतील तेवढ्या चाळीस गोळ्या भरून, डब्यात बंद करून लिमच्या ताब्यात दिल्या तेव्हा सव्वासहा झाले होते. बाहेर व्हरांड्यात अजून चांगला उजेड होता. संजीवनीबाई कठड्याशी थांबल्या. समोर हिरवळ, आणि पार टोकाला पांढरं काहीतरी.

"तिथे मारायचं?"

"हो. तीनशे मीटर."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. पांढरं ते पांढरंच राहिलं. "उद्या किती वाजता निघायचं?"

अश्लेषा वळून त्यांच्याकडे बघत राहिली. "तू येणार? अगं, इतक्या लांबचं तुला काही दिसणार नाही."

"न दिसेना का. तू दिसशील ना."