साहेबांबरोबरचे रविवार

“बूट जिन्यातच काढा,” कालिंदी दारातून म्हणाली. “आणि सरळ आंघोळीला जा.”

दिलीप मुकाट्याने बाथरूममध्ये शिरला. दर रविवारी हेच. बायपासच्या पलीकडे, कोलकात्याचं सांडपाणी ज्या मासळीच्या तळ्यांत सोडतात, त्यांच्या बांधावर तो सकाळभर उभा राहायचा. गळ्यात दुर्बीण, नाकाला रुमाल.

कल्पना कालिंदीची. दिलीपचे बँकेतले साहेब, प्रभाकर देवस्थळी, यांना पाणपक्ष्यांचा नाद आहे, हे तिला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कळलं होतं. पुण्याच्या बदलीची शिफारस त्यांच्याच हातात होती. आणि मुलगी आजीशी फोनवर हिंदीत बोलू लागली होती.

“जा त्यांच्याबरोबर,” ती म्हणाली होती. “वास काय, सोसायचा थोडा.”

“मला कावळा आणि कोकीळ यांतला फरक कळत नाही.”

“शिका.”

तो शिकला. जेवताना सांगू लागला. लांब गुलाबी पायांचा तो शेकाट्या. शेपटी खालीवर करत चालतो तो तुतवार, पार हिमालय ओलांडून आलेला.

“एवढ्या लांबून या घाणीत?”

“साहेब म्हणतात, इथं पोट भरतं त्यांचं.”

तिला नवऱ्याची दया यायची. रविवारी ती मुद्दाम श्रीखंड करू लागली.

बदल्या लागल्या त्या संध्याकाळी दिलीप तोंड पाडून घरी आला.

“पुण्याची ऑर्डर निघाली होती. साहेबांनीच थांबवली. म्हणाले, असा दर्दी माणूस मी कसा सोडू? अजून तीन वर्षं इथेच.”

कालिंदी हळहळली. “माझंच चुकलं. मीच तुम्हाला तिथं पाठवलं.”

“जाऊ दे,” दिलीप मोठ्या मनाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर तिने साहेबांना फोन लावला. आवाज नरम ठेवला.

“साहेब, तुमच्यामुळे ह्यांना पक्ष्यांची गोडी लागली, खरं आहे. पण त्यासाठी आमची बदली थांबवायला नको होती.”



“वहिनी, मी पक्षी पुस्तकात बघतो. तिथं पहिल्याच रविवारी मला ओकारी झाली, तेव्हापासून ते एकटेच जातात. आणि बदली मी कशाला थांबवू? त्यांनीच हात जोडून रद्द करायला लावली. म्हणाले, बायकोला कोलकाता सोडवत नाही.”